शेपू आणि बाळंतशेप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेपू आणि बाळंतशेप एकाच झाडाचे का?

हो. कोवळ्या रोपाचा पाला म्हणजे शेपूची भाजी आणि तेच रोप वाढू दिले, फुलले, पिकले की जे बी मिळते ती बाळंतशेप, म्हणजेच बाळंतशोपा. झाड एक असले तरी वापरताना दोन वेगळे जिन्नस समजावेत. पाला पोटभर खायची भाजी आहे, बी चिमटीने घ्यायचे औषध आहे. दोन्हींचा वास ज्या उडनशील तेलांमुळे येतो त्यांची घडण वेगळी, प्रमाण वेगळे आणि परिणामाची तीव्रताही वेगळी. "शेपू औषधी आहे" असे सरसकट म्हटले की इथेच गोंधळ सुरू होतो.

वनस्पतिशास्त्रात याचे नाव काय?

अनेथम ग्रॅविओलेन्स. कुळ एपिएसी, म्हणजे कोथिंबीर, जिरे, ओवा, बडीशेप आणि गाजर यांचे कुळ. आपल्याकडे पिकणारा भारतीय शेपू युरोपातल्या शेपूपेक्षा थोडा वेगळा असल्यामुळे काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला अनेथम सोवा असे स्वतंत्र नाव दिले. आज बहुतेक जण दोघांना एकाच जातीत धरतात, पण शेतीत आणि तेलाच्या व्यापारात हा फरक पाळला जातो. अजमेरच्या बीजीय मसाले संशोधन केंद्राने काढलेल्या वाणांपैकी एडी-1 हा युरोपीय प्रकारचा आणि एडी-2 हा भारतीय प्रकारचा आहे. हिंदीत याला सोया किंवा सोवा म्हणतात, गुजरातीत सुवा, कन्नडमध्ये सब्बसिगे. सोयाबीनशी याचा काही संबंध नाही.

रोप नेमके कसे असते?

वर्षायू. एक सरळ सोटमूळ, त्यावर पोकळ, रेघारेघांचे, निळसर हिरवे खोड. खोडावर आणि पानांवर पांढरट लव नसते, मेणासारखा पातळ थर असतो. बोट फिरवले की तो पुसला जातो. पान दोन-तीन वेळा विभागत जाऊन शेवटी दोऱ्यासारख्या बारीक तंतूंचे होते. देठाचा तळ पसरट होऊन खोडाला कवळ घालतो. भाजी निवडताना माती अडकते ती याच जागी.

फुलोरा छत्रीसारखा असतो आणि मोठ्या छत्रीच्या प्रत्येक काडीच्या टोकाला पुन्हा एक छोटी छत्री असते. फुले पिवळी, प्रत्येकी पाच पाकळ्यांची, पाकळ्यांची टोके आत वळलेली. प्रत्येक फुलात पुंकेसर आधी पक्व होतात, स्त्रीकेसर नंतर. त्यामुळे एका फुलाचे पराग बहुधा दुसऱ्या फुलावर पोहोचतात आणि हे काम छोट्या माश्या व मधमाश्या करतात. बी धरण्यासाठी वाफा ठेवला असेल तर फुलोऱ्याच्या काळात कीटकनाशक फवारू नये. दाणे पोचट राहण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे.

आपण ज्याला बी म्हणतो ते खरे तर अर्धे फळ. फळ पिकल्यावर उभे दोन भागांत फुटते आणि प्रत्येक भाग सुटा होतो.

या फळात तेल कुठे असते? ते जाणून काय उपयोग?

फार उपयोग आहे. अर्ध्या फळाचा आडवा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर सालीत बारीक बंद नळ्या दिसतात, पाठीच्या बाजूला चार आणि सपाट बाजूला दोन. सुगंधी तेल या नळ्यांत असते. अख्खे दाणे गरम पाण्यात टाकले तर नळ्या बंदच राहतात आणि पाण्यात तेल फारसे उतरत नाही. फार आधी कुटून ठेवले तर नळ्या फुटतात आणि तेल हवेत उडून जाते. म्हणून आयत्या वेळी कुटावे आणि लगेच झाकावे. बाळंतशेपेचा काढा "काही उपयोगाचा वाटला नाही" म्हणणाऱ्यांकडून बहुधा या दोहोंपैकी एक राहिलेले असते.

बाळंतशेप आणि बडीशेप कशी ओळखायची?

बाळंतशेपेचा दाणा चपटा, तपकिरी आणि कडेला फिकट पातळ पंख असलेला. बडीशेप लांबट, गोलाईची, हिरवट, तिला पंख नाहीत. चघळल्यावर बडीशेप गोड लागते. तो अॅनेथॉल या तेलातल्या द्रव्याचा गुण. बाळंतशेप किंचित कडवट, तिखट आणि शहाजिऱ्याची आठवण देणारी लागते. ती कार्व्होन या दुसऱ्या तेलद्रव्याची चव, आणि शहाजिऱ्यातही तेच कार्व्होन असते. भारतीय शेपूचा दाणा युरोपीय दाण्यापेक्षा अरुंद आणि कमी पंखांचा असतो, म्हणून नुसत्या आकारावर विसंबू नये, चव घ्यावी.

जुन्या ग्रंथांत बाळंतशेप ती शतपुष्पा किंवा शताह्वा आणि बडीशेप ती मिश्रेया. बाजारात मात्र शतपुष्पा या नावाखाली कधी कधी बडीशेप दिली जाते. वैद्यांनी शतपुष्पा लिहून दिली असेल तर घेताना दाणा चघळून पाहावा.

आयुर्वेदात शतपुष्पेचे गुण काय सांगितले आहेत?

रस (चव) कटू म्हणजे तिखट आणि तिक्त म्हणजे कडू, वीर्य (शरीरावरचा प्रभाव) उष्ण, विपाक (पचनानंतरचा परिणाम) कटू. वात आणि कफ कमी करणारी, अग्नी वाढवणारी, अडकलेला वायू खाली सरकवणारी. चरकसंहितेतल्या दशेमानी, म्हणजे दहा-दहा द्रव्यांच्या गणांत आस्थापनोपग आणि अनुवासनोपग या दोन्हींत शतपुष्पा आहे. म्हणजे काढ्याचा बस्ती आणि तेलाचा बस्ती (गुदमार्गे दिलेले औषध), दोन्हींना साहाय्यक. वातावरच्या औषधांत तिला केवढे स्थान होते ते यावरून कळते. काश्यपसंहितेत शतपुष्पा आणि शतावरी यांच्यावर स्वतंत्र कल्पाध्याय आहे, आणि त्याचा रोख स्त्रियांच्या आर्तवाच्या (पाळीच्या) व अपत्यप्राप्तीच्या तक्रारींवर आहे. बाळंतिणीच्या आहारातले शेपेचे स्थान या विचाराशी जुळणारे आहे.

बाहेरून लावण्यासाठीही ती वापरतात. दारुषट्क लेपात देवदार, वेखंड, कोष्ठ, शताह्वा, हिंग आणि सैंधव अशी सहा द्रव्ये कांजीसारख्या आंबट द्रवात वाटून, कोमट करून फुगलेल्या पोटावर लावतात.

आधुनिक विज्ञान याला दुजोरा देते का?

काही बाबतींत. कार्व्होन आणि लिमोनीन ही बियांच्या तेलातली मुख्य द्रव्ये, भारतीय प्रकारात त्यांच्या जोडीला डिलॅपिऑल बऱ्यापैकी असते. प्रयोगशाळेत प्राण्यांच्या आतड्याच्या तुकड्यांवर शेपेचा अर्क घातला की आकुंचन सैल पडते. जेवणानंतर चघळल्यावर वायू सुटून हलके वाटते, त्यामागे हे कारण असू शकते.

मधुमेह, कोलेस्टेरॉल, दूधवाढ यांबाबतचे दावे त्या बळाचे नाहीत. माणसांवरच्या चाचण्या छोट्या आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. रक्तातली साखर किंवा चरबी यासाठी चालू असलेली गोळी शेपेच्या भरवशावर कमी करू नये. आम्ही यावर ठाम आहोत, कारण असा सल्ला सर्रास पुढे पाठवला जातो आणि त्याने नुकसान होते.

बाळंतिणीला शेपू आणि बाळंतशेप का देतात? दूध वाढते का?

बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू सैल असतात, हालचाल कमी असते, डिंक-मेथी-अळीव-तूप असा जड आहार सुरू असतो. पोट फुगणे आणि मलावरोध या काळातल्या नेहमीच्या तक्रारी. त्यावर जेवणानंतर चमचाभर चघळायची बडीशेप-बाळंतशेपेची सुपारी (कृती पुढे आहे), शेपूची भाजी आणि शेपेचे कोमट पाणी हा साधा आणि समजुतीचा उपाय आहे. दूध वाढण्याबद्दल परंपरेचा विश्वास मोठा असला तरी तसा ठोस पुरावा नाही. दूध येते ते मुख्यतः बाळाने वारंवार आणि नीट ओढल्यामुळे. सुपारीने आईचे जेवण पचले, भूक लागली, तर त्याचा आडून फायदा होतो एवढे म्हणता येईल.

बाळंतिणीची सुपारी कशी करायची?

बडीशेप 100 ग्रॅम, बाळंतशेप 50 ग्रॅम, तीळ 50 ग्रॅम, किसलेले सुके खोबरे 50 ग्रॅम, ओवा 20 ग्रॅम, सैंधव अर्धा चमचा.

प्रत्येक जिन्नस वेगळा भाजावा. एकत्र भाजले तर तीळ आणि ओवा करपेपर्यंत बडीशेप कच्चीच राहते. बडीशेपेवर सैंधवाचे पाणी शिंपडून अर्धा तास ठेवावे, मग मंद आचेवर कोरडी होईपर्यंत परतावी. बाळंतशेप फक्त गरम करायची, दोन मिनिटे पुरतात. रंग बदलू लागला की समजावे तेल उडाले, आणि उरतो तो कडवटपणा. तीळ तडतडले की उतरवावेत, खोबरे गुलाबी होताच. सगळे पूर्ण गार झाल्यावरच मिसळून बरणीत भरावे. कोमट भरले तर वाफेने खोबरे आठवड्यात खवट होते. जेवणानंतर एक चमचा, दिवसातून दोन वेळा. बाळंतशेपेचे प्रमाण बडीशेपेइतके करू नये, चव इतकी कडवट होते की डबा तसाच पडून राहतो.

शेपेचे पाणी किती आणि कसे करायचे?

मोठ्यांसाठी: एक चपटा चमचा बाळंतशेप, साधारण 2 ग्रॅम, खलबत्त्यात जाडसर कुटावी. 200 मिलिलिटर उकळलेले पाणी आचेवरून उतरवून त्यात घालावी आणि ताट झाकून दहा मिनिटे ठेवावे. गाळताना झाकणाला लागलेले थेंबही भांड्यात पाडावेत, त्यात तेल असते. कोमट प्यावे, दिवसातून एक किंवा दोन वेळा, पोट जड वाटत असेल तेव्हा.

उकळत ठेवून अर्धे आटवू नये. सुंठ किंवा मुळांचा काढा आटवतात ती रीत इथे उलटी पडते, कारण इथे हवे असलेले द्रव्य वाफेबरोबर निघून जाते.

तान्ह्या बाळाला वावडिंग-बाळंतशेपेचे पाणी द्यावे का?

पहिले सहा महिने देऊ नये. या वयात बाळाला आईच्या दुधाशिवाय काही नको, पाणीसुद्धा नको, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आपल्या घरांत हे पाणी मायेने दिले जाते हे खरे, पण बाळाचे पोट चमच्या-चमच्याने भरते आणि तेवढे दूध कमी जाते. पाणी, वाटी, चमचा यांतून जंतुसंसर्ग होतो तो वेगळाच. पोटदुखीने रडणारे निरोगी बाळ बहुधा तीन-चार महिन्यांत आपोआप शांत होते. रडण्याबरोबर ताप, हिरवी उलटी, शौचात रक्त किंवा दूध न ओढणे असेल तर ताबडतोब बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे, घरी उपाय करत बसू नये.

शेपेचे उडनशील तेल, एक थेंबही, बाळाच्या तोंडात जाता कामा नये.

ग्राइप वॉटरमध्ये शेपू असतो म्हणतात, ते खरे का?

जुन्या कृतीत होता. 1851 साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहरात विल्यम वुडवर्ड या औषधविक्रेत्याने ते बाजारात आणले. त्यात शेपेचे तेल, खाण्याचा सोडा, साखर, पाणी आणि अल्कोहोल होते. अल्कोहोल पुढे काढून टाकण्यात आले. आजच्या बाटल्यांतले घटक उत्पादकागणिक बदलतात, तेव्हा लेबल वाचावे. बाळाचे रडणे त्याने नक्की थांबते असे सिद्ध झालेले नाही, आणि वरचे सहा महिन्यांचे बोलणे यालाही लागू आहे.

बाळाला ओवा-शेपेची धुरी द्यावी का?

नाही. ओवा, बाळंतशेप आणि वावडिंगाची धुरी ही जुनी रीत असली तरी निखाऱ्याचा धूर आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड बंद खोलीत आई आणि बाळ दोघांच्याही फुप्फुसांत जातो. शेक हवाच असेल तर आईने गरम पाण्याची पिशवी घ्यावी.

शेपू कोणी टाळावा?

भाजी म्हणून बहुतेकांना चालतो. गाजर, सेलरी, धने किंवा ओव्याने अंगावर पुरळ किंवा ओठांना सूज येत असेल तर सांभाळून, कारण एका कुळातल्या वनस्पतींची अॅलर्जी एकमेकींत दिसते. गरोदरपणात जेवणातला शेपू चालतो, पण बियांचे चूर्ण किंवा काढा औषधी मात्रेत घेऊ नये. परंपरेत बाळंतशेप पाळी आणण्यासाठी दिली जाते. आम्लपित्ताचा त्रास असेल तर उष्ण वीर्यामुळे छातीत जळजळ वाढू शकते, तेव्हा बी टाळून पाला खावा. वॉर्फरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पालेभाज्या एकदम वाढवू किंवा बंद करू नयेत, शेपूही त्यातच आला.

आणखी एक: शेपूच्या रसात प्रकाशाला संवेदनशील करणारी द्रव्ये असतात. ढीगभर पाला हाताळून लगेच कडक उन्हात उभे राहिले तर काहींच्या त्वचेवर लाल चट्टे उठतात. हात साबणाने धुऊन मग बाहेर पडावे.

भाजी खाल्ली की दिवसभर ढेकरांना वास येतो. ते अपचन आहे का?

नाही. तेल पोटातून वर येणाऱ्या वायूबरोबर नाकापर्यंत पोहोचते एवढेच. जून पाला आणि देठ जास्त घातले तर वास अधिक. कोवळा पाला घेतला, डाळ पुरेशी घातली आणि भाजीसोबत ताक प्यायले तर बराच कमी होतो.

शेपू न आवडणाऱ्यांनाही आवडेल अशी भाजी कशी करावी?

एक मध्यम जुडी, निवडून 150 ग्रॅमच्या आसपास. पाव वाटी मूगडाळ अर्धा तास भिजवून. लसूण 8-10 पाकळ्या ठेचून, हिरव्या मिरच्या 3, तेल 2 चमचे, जिरे, हिंग, मीठ.

पाला आधी भरपूर पाण्यात दोन-तीनदा बुचकळून वर काढावा. पाणी ओतून देऊ नये, नाहीतर तळाची माती परत पानांवर बसते. धुतल्यावर चिरावा, चिरून धुतला तर सुगंधही वाहून जातो. फोडणीत लसूण सोनेरी करून मिरची, मग निथळलेली डाळ आणि पाण्याचा हबका, झाकण ठेवून डाळ बोटाने दबेल इतकी शिजवावी. त्यानंतर शेपू घालून झाकण न ठेवता पाच-सहा मिनिटे परतावा. मीठ शेवटी, कारण पाला एक चतुर्थांश होतो आणि सुरुवातीच्या अंदाजाने घातलेले मीठ जास्त पडते.

चुका दोनच होतात. डाळ आणि पाला एकदम टाकतात, मग डाळ शिजेपर्यंत पाला काळपट आणि निःसत्त्व. नाहीतर देठ सगळे ठेवतात. नखाने सहज तुटेल तेवढाच देठ घ्यावा. बाळंतिणीसाठी मिरची वगळून मिरपूड आणि वरून तूप. ज्वारीच्या भाकरीबरोबर हिची जोडी आम्हाला सर्वांत पटते, आणि ज्वारीच्या पिठात शेपू मळून केलेली वाफवलेली फळेही त्याच तोडीची.

पोषण किती मिळते?

100 ग्रॅम ताज्या पाल्यात अमेरिकी कृषी विभागाच्या तक्त्यानुसार कॅल्शियम सुमारे 208 मिलिग्रॅम, लोह 6.6 मिलिग्रॅम, क जीवनसत्त्व 85 मिलिग्रॅम. आकडे चांगले आहेत, पण माणशी ताटात 40-50 ग्रॅमच पाला येतो आणि शिजवताना क जीवनसत्त्व बरेच घटते. वरून लिंबू पिळावे, त्याने लोह अंगी लागायला मदत होते.

कुंडीत लावता येईल का?

सहज. कुंडी किमान 20-25 सेंटिमीटर खोल हवी, कारण सोटमूळ सरळ खाली जाते. त्याच कारणाने रोपे उपटून दुसरीकडे लावू नयेत. मूळ दुखावले की रोप वाढ सोडून लगेच फुलावर येते. बी जागेवरच, एक सेंटिमीटर खोल पेरावे आणि वर बारीक माती किंवा शेणखत चाळून टाकावे. किराणा दुकानातली बाळंतशेप ताजी असेल तर उगवते. पेरण्याआधी हाताने चोळून जोडदाणे सुटे करावेत आणि चार-पाच तास भिजवावेत. उगवण 7 ते 12 दिवसांत. रोपे बोटभर झाली की विरळणी करून दोन रोपांत 5-7 सेंटिमीटर अंतर ठेवावे. काढलेली रोपे कोशिंबिरीत जातात.

रोज चार-पाच तास ऊन, पाणी बेताचे. माती सतत ओली राहिली तर कोवळी रोपे जमिनीलगत कुजून आडवी पडतात. पाला साधारण 35-45 दिवसांत काढणीला येतो. दिवस मोठे आणि हवा तापलेली असेल तेव्हा पाला कमी आणि फुलोरा लवकर, म्हणून भाजीसाठी ऑक्टोबर ते जानेवारी ही पेरणी उत्तम. दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे पेरत राहिले तर भाजी तुटत नाही.

मावा फुलोऱ्याच्या काड्यांवर गर्दी करतो. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो खाली पाडावा, तीन-चार दिवस सलग.

बी घरी धरायचे असेल तर?

रोपांत 20-25 सेंटिमीटर अंतर ठेवावे आणि पाला खुडू नये. मधली छत्री आधी पिकते, बाजूच्या नंतर, त्यामुळे सगळे एकदम कापता येत नाही. दाणे हिरव्याचे तपकिरी होऊ लागले की ती ती छत्री सकाळी दंव असताना कापावी. दुपारी कापली तर निम्मे दाणे वाफ्यातच गळतात. कागदी पिशवीत उलटी टांगून सावलीत आठ-दहा दिवस वाळवावी. उन्हात वाळवल्यास दाणे लवकर सुकतात, पण तेल जाते.

परदेशात मिळणारा शेपू वेगळा का लागतो?

युरोप-अमेरिकेत डिल नावाने मिळतो तो युरोपीय प्रकार. वास सौम्य आणि गोडसर, आणि तिथे तो माशावर किंवा काकडीच्या लोणच्यात घालतात. त्याचीही भाजी होते, फक्त छोटी जुडी पुरत नाही, तीन-चार लागतात. रानात दिसणारा शेपूसारखा पाला मात्र तोडून आणू नये. याच कुळातला हेमलॉक अतिशय विषारी आहे, त्याच्या पोकळ खोडावर जांभळे ठिपके असतात आणि चुरगाळल्यावर उंदरासारखी घाण येते. ठिपके नेहमी ठळक नसतात, तेव्हा केवळ त्यांवर भरवसा ठेवू नये.

विकत घेताना आणि साठवताना काय पाहावे?

पाला: जुडी उलटी करून देठ पाहावेत, तळ पिवळा किंवा चिकट असेल तर नको. न धुता कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतो.

बी: चार दाणे तळहातावर चोळावेत. वास लगेच यायला हवा. रंग काळपट, दाणे सुरकुतलेले आणि चोळूनही वास नाही, तर माल जुना किंवा तेल काढून घेतलेला समजावा. काचेच्या घट्ट बरणीत, उजेड आणि शेगडीपासून लांब, अख्खे ठेवल्यास वर्षभर चांगले राहते. चूर्ण महिनाभरातच फिके पडते, म्हणून थोडेच कुटावे.